जुन्या फोर बाय फोरचा गळका रेडिएटर बदलताय? या चुका टाळा

पहिल्यांदा रेडिएटर बदलला तेव्हा सकाळी गाडीखाली शिरलो आणि दुपारच्या आत काम उरकलं. स्वतःवरच खूश होतो. तीन महिन्यांनी तो नवा कोरा रेडिएटर खालच्या डाव्या कोपऱ्यातून, टाकी जिथे जाळीला मिळते तिथून, पाझरायला लागला. जुना अजून भंगारात गेला नव्हता. तो ओढून बाहेर काढला, तर त्याचीही चीर नेमकी त्याच कोपऱ्यात. मग गाडीखाली नीट पाहिलं. रेडिएटर ज्यांवर बसतो त्या दोन रबरी बुशांपैकी एक दगडासारखा कडक झाला होता आणि दुसरा होताच कुठे? त्याच्या जागी आधीच्या कुणीतरी लोखंडी वायसर रचून ठेवले होते. खडकाळ वाटेवर चॅसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) पिळवटली की तो पीळ थेट टाकीच्या सांध्यात उतरत होता.

नट सोडणं आणि आवळणं हा या कामाचा सोपा भाग. जुन्या ऑफ-रोड गाडीत रेडिएटर नुसता वय झालं म्हणून क्वचितच जातो. त्याला कुणीतरी घालवलेलं असतं. ते कोण, हे न शोधता नवा बसवला की नव्याचीही तीच गत.

गळती रेडिएटरचीच आहे ना?

खाली डबकं दिसलं की रेडिएटरवर आळ घ्यायचा, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पंखा गळणारं पाणी मागे इंजिनवर उडवतो, त्यामुळे ओल एकीकडे आणि भोक दुसरीकडे. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब सुटतो, पुलीवर पडतो आणि पुली तो चौफेर शिंपडते. छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन ते भोक आधी पाहा. वरच्या होजच्या (रबरी नळीच्या) क्लॅम्पखालून झिरपलेलं पाणी टाकीवरून ओघळतं आणि टाकीच फुटल्यासारखं दिसतं. पायाखालचा गालिचा ओला, काच आतून चिकट-धुरकट आणि केबिनमध्ये गोडसर वास असेल, तर हीटरची जाळी गेली आहे. पुढचं काही उघडण्याची गरज नाही.

प्रेशर टेस्टर मिळाला तर काम सोपं होतं. इंजिन थंड असताना तो झाकणाच्या जागी बसवा, झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब भरा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. काटा उतरला तर गळती आहेच, आणि पंखा बंद असल्यामुळे थेंब जिथून निघतो तिथेच दिसतो. टेस्टर नसेल तर सगळं धुऊन-पुसून कोरडं करा, खाली कोरा पुठ्ठा सरकवा आणि सकाळी बघा. काही होज फक्त थंड झाल्यावर, रबर आकसल्यावर गळतात. दिवसभर शोधून ते सापडत नाहीत. वाळलेल्या गळतीची पांढरट-हिरवट किंवा गंजकट पुटं हाही चांगला पुरावा.

आणि हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलची) शंका आधीच फेडून घ्या. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केल्यावर बुडबुडे थांबतच नसतील, किंवा झाकण लावल्यावर इंजिन कोमट व्हायच्या आत वरचा होज टणक होत असेल, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. अशा गाडीत नवा रेडिएटर म्हणजे फुगणाऱ्या फुग्याला नवं रबर.

गरम इंजिनचं झाकण उघडू नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी हात भाजून घेतात. वरचा होज हाताने निवांत दाबता येईपर्यंत झाकणाला हात नाही.

झाकणाकडे दुर्लक्ष

झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. एक ठरावीक दाबापर्यंत पाणी आत धरून ठेवतो. दुसरा, मधला छोटा, इंजिन थंड झालं की बाजूच्या बाटलीत गेलेलं कूलंट (गाडी थंड ठेवणारं द्रव) परत आत ओढू देतो. ०.९ बार म्हणजे साधारण १३ पीएसआयचं झाकण नीट चालत असेल तर समुद्रसपाटीला साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. तेच झाकण मेलं असेल तर १०० अंशांना, आणि डोंगरात उंचावर त्याच्याही आधी. लहान व्हॉल्व्ह चिकटला तर सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. नव्या रेडिएटरवर जुनं झाकण लावू नका. आणि ‘जास्त दाबाचं म्हणजे जास्त चांगलं’ असं समजून गाडीला सांगितलेल्यापेक्षा वरचा आकडा घेऊ नका. तो दाब जुन्या होजना आणि हीटरच्या जाळीलाही सोसावा लागतो.

नवा आणि जुना शेजारी ठेवल्याशिवाय सुरुवात

जुन्या मॉडेलचे रेडिएटर एकाच नावाखाली तीन-चार प्रकारांत येतात. नवा खोक्यातून काढून जुन्याच्या शेजारी उभा करा: होजच्या नळ्यांचा व्यास आणि दिशा, श्राउडची (पंख्याभोवतीच्या कवचाची) भोकं, खालच्या खुंट्या, ड्रेन कॉक, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर त्याच्या तेलाच्या नळ्यांचे आटे. नळ्यांच्या दोन रांगांऐवजी चार रांगांची जाड जाळी घेतली की गाडी थंड राहीलच असं नाही. मागच्या रांगांना गरम झालेली हवा मिळते, आणि जाडीमुळे पंख्याचं पातं जाळीला भिडायला येतं. इंचभर तरी अंतर हवंच.

जुना तांब्या-पितळेचा असेल आणि टाक्या शाबूत असतील, तर त्याच टाक्यांना नवी जाळी डाख देऊन बसवता येते. माझं मत विचाराल तर आडवाटेच्या गाडीला हाच पर्याय बरा, कारण पितळ कुठेही झाळता येतं. ॲल्युमिनियमच्या जाळीवर दाबून बसवलेली प्लॅस्टिकची टाकी तडकली की तिला एपॉक्सी फासणं घरी पोहोचण्यापुरतं ठीक, त्यापुढे नाही. गळती बंद करणाऱ्या पावडरींचंही तसंच. त्या भोक ओळखत नाहीत, अरुंद जागा ओळखतात, आणि हीटरच्या नळ्या सगळ्यात अरुंद असतात.

काढतानाची घाई

बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. चॅसिसला चिकटवलेला आतला नट एकदा गोल फिरायला लागला की तासाभराच्या कामाचा दिवस होतो. बुडाशी चिकटलेला होज स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. पितळी नळी वाकते, प्लॅस्टिकची तुटते. होज बदलायचाच असतो, तेव्हा ब्लेडने लांबीत चिरा आणि केळीच्या सालीसारखा सोलून काढा.

व्हिस्कस पंख्याच्या (सिलिकॉन तेलाच्या कपलिंगवर फिरणाऱ्या पंख्याच्या) नटावर जोर लावण्याआधी आट्यांची दिशा माहीत करून घ्या. लँड रोव्हरच्या ३०० टीडीआय इंजिनात हा ३२ मिमीचा नट उलट्या आट्यांचा आहे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. काढलेला पंखा आडवा टाकून ठेवू नका, उभा ठेवा, नाहीतर आतलं सिलिकॉन तेल पाझरतं. गिअरबॉक्सच्या तेलाच्या नळ्यांना दोन पाने लागतात, एक नटाला आणि एक रेडिएटरच्या बाजूला धरून ठेवायला. एकाच पान्याने पिळलं तर नटाबरोबर नळीही वळते. त्या नळ्यांतून गुलाबी दुधासारखं काही निघालं, तर रेडिएटरच्या आतला तेलाचा कूलर फुटून तेल आणि पाणी एक झालंय. मग गिअरबॉक्सही धुवावा लागेल.

इंजिनातला गाळ नव्या जाळीत

नुसता रेडिएटर रिकामा केला की सगळं पाणी निघालं असं वाटतं. इंजिन ब्लॉकमध्ये बरंच उरतं आणि त्याच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गंज बसलेला असतो. ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडा. काही वेळा प्लग काढूनही पाणी येत नाही, इतका गाळ घट्ट असतो; तारेने टोचावा लागतो. मग थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून, हीटरच्या होजांसकट, स्वच्छ पाणी येईपर्यंत उलट्या दिशेने धुवा. नळाचा दाब बेताचाच ठेवा, हीटरची जाळीही गाडीइतकीच म्हातारी असते.

एवढं करूनही गंजाचे कण सुटतात. नायलॉनच्या जुन्या मोज्याचा तुकडा वरच्या होजच्या रेडिएटरकडच्या तोंडात, कडा क्लॅम्पखाली पक्क्या धरून, बसवायचा. पन्नासेक किलोमीटरनंतर मी तो काढला तेव्हा त्यात चहाच्या चोथ्यासारखा ओंजळभर गाळ होता. मात्र तो काढायचं विसरू नका आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. मोजा भरला की पाणीच अडतं.

बसवताना: रबर, श्राउड, फोम

नवे बुश, आणि तेही रबरीच. रेडिएटर बसल्यावर हाताने ढकलला तर किंचित हलायला हवा. बोल्ट इतके आवळायचे नाहीत की रबर चपटं होऊन लोखंडाला लोखंड लागेल. उतरवताना जाळीवर पुठ्ठ्याचा तुकडा टेपने चिकटवा. पंख्याच्या पात्याचा एक ओरखडा नव्या नळीला पुरतो.

मग इंजिनचे माऊंट (इंजिन ज्यांवर टेकतं ती रबरं) बघा. ते दबून खचलेले असतील तर तीव्र उतारावर ब्रेक दाबताच इंजिन पुढे सरकतं आणि पंखा जाळी कापतो. ओढा ओलांडताना हीच गोष्ट दुसऱ्या कारणाने होते. पाण्यात बुडालेली पाती वळतात आणि पुढे, जाळीवर ओढली जातात. खोल पाण्याआधी पंख्याचा पट्टा सैल करणं किंवा पुढे ताडपत्री बांधणं, हे त्यासाठीच.

‘जागा होत नाही’ म्हणून श्राउड न लावता गाडी चालवणारे बरेच भेटतात. हायवेवर फरक जाणवत नाही. लो गिअरमध्ये चढ चढताना समोरून वारा नसतो, सगळा भार पंख्यावर असतो, आणि श्राउड नसेल तर पंखा स्वतःभोवतीचीच गरम हवा घुसळतो. पाती साधारण निम्मी श्राउडच्या आत हवीत. रेडिएटरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्याही जुन्याबरोबर फेकल्या जातात. त्या हवा बगलेतून निसटू देत नाहीत.

एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: अर्थिंग. विंच आणि जादा दिव्यांच्या तारा रेडिएटरच्या चौकटीला जोडलेल्या असतील, तर वीज परतीची वाट कूलंटमधून शोधते आणि ॲल्युमिनियम आतून कुरतडलं जातं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळं टोक बॅटरीच्या ऋण बाजूला, लाल टोक धातूला न लावता कूलंटमध्ये. इंजिन, दिवे, पंखा सगळं चालू करून बघा. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर आधी अर्थ दुरुस्त करा.

कूलंट आणि हवा

रंगावरून कूलंट निवडू नका. हिरवा-लाल-निळा हा कंपनीचा रंग आहे, रसायनाचा नाही. दोन जाती मिसळल्या की गंजरोधक निकामी होतात, काही वेळा जेलीसारखा गोळा होतो. निम्मं कूलंट (आधी पाणी न मिसळलेलं) आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. ‘घट्ट तेवढं चांगलं’ म्हणून नुसतं कूलंट ओतलं तर ते उणे १३ च्या आसपासच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. क्षारांचं पाणी नळ्यांत थर धरतं. काढलेलं जुनं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. ते गोड लागतं, विषारी असतं आणि कुत्री-मांजरं ते पितात.

गाडीचं नाक चढाकडे करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, सावकाश भरा, वरचा होज दाबत राहा. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून सलग धार येईपर्यंत थांबा. थर्मोस्टॅटची छोटी पिन वरच्या बाजूला हवी. आणि थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा जुना इलाज करू नका. बायपास (रेडिएटर टाळणारी वाट) असलेल्या काही इंजिनांत तो नसला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालूनच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

नवा बसवूनही काटा चढतोय

उभ्या गाडीत तापतं आणि पळताना उतरतं: पंखा, व्हिस्कस कपलिंग किंवा श्राउड. उलट असेल, म्हणजे वेगात तापत असेल, तर जाळीत चिखल आहे किंवा खालचा होज पंपाच्या ओढीने आत चिकटतोय. जुन्या होजमध्ये यासाठी तारेची स्प्रिंग असायची. जुना फेकण्याआधी आत बोट घालून बघा. एसीचा कंडेन्सर असेल तर चिखल त्याच्या आणि रेडिएटरच्या मधे दडतो, समोरून दिसत नाही. तो इंजिनकडून बाहेरच्या दिशेने साध्या पाण्याने काढायचा. प्रेशर वॉशरने जाळीच्या बारीक पत्र्या आडव्या होतात.

हीटर थंड हवा सोडतोय म्हणजे हवा अडकली आहे किंवा पाणी कमी आहे. आणि तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली आला तर हुश्श करू नका, इंजिन बंद करा. सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला की तो पाण्याचं तापमान दाखवतच नाही.

पहिल्या चक्करनंतर गाडी पूर्ण थंड होऊ द्या, पातळी बघा, क्लॅम्प पुन्हा एकदा आवळा, पण प्लॅस्टिकच्या नळीवर बेतानेच. माझ्या गाडीत मी दर खडकाळ ट्रिपनंतर तो खालचा डावा कोपरा अजून बोटाने चाचपतो.