ब्रिजिड डेची पिशवी भरताना

हिरव्या कागदाच्या टोप्या आणि लेप्रेकॉनची, म्हणजे आयरिश गोष्टींतल्या बुटक्याची, नारिंगी दाढी मार्चमध्ये सेंट पॅट्रिक डेला सगळेच करतात. आयर्लंडमध्ये मुलांच्या शाळेत मदतीला जाणाऱ्या आईबाबांनो, वर्गशिक्षिकेने ‘एखादा दिवस तुम्ही घ्याल का’ असं विचारलं, तर सेंट पॅट्रिकची वाट न बघता 1 फेब्रुवारी मागून घ्या, म्हणजे सेंट ब्रिजिडचा दिवस. त्यात मुलांच्या हाताला खरं काम आहे. लेप्रेकॉन पकडायचे खोक्यांचे सापळे बहुतांशी अमेरिकेतल्या शाळांनी रुळवले. जुन्या गोष्टींतला लेप्रेकॉन हा एकलकोंडा, जोडे शिवत बसलेला म्हातारा. त्याला मार्चपर्यंत शिवू दे.

पहिलं काम तारखेचं. 2023 पासून ब्रिजिडची सार्वजनिक सुट्टी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असते आणि 1 तारीख शुक्रवारी आली तर त्याच दिवशी. म्हणजे वर्ग आदल्या आठवड्यात घ्यायचा की सुट्टीनंतर, हे नाताळची सुट्टी संपताच शिक्षिकेशी बोलून ठरवा. त्याच भेटीत गार्डा व्हेटिंगचं विचारा. मुलांसोबत काम करायला पोलिसांची ही पडताळणी लागते आणि ती दोन दिवसांत होत नाही. कुणाला दुधाची, ग्लुटेनची अॅलर्जी आहे, तेही तेव्हाच लिहून घ्या. आणखी एक नाजूक गोष्ट. इथल्या बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक छत्राखालच्या, पण वर्गात सगळ्या धर्मांची मुलं. ब्रिजिड ही किल्डेअरची संत, आणि त्याच नावाची त्याआधीची देवीही, इम्बोल्क या वसंताच्या सणाशी जोडलेली. यातलं किती सांगायचं ते शिक्षिकेला ठरवू द्या.

दोन आठवडे आधी घरी पाठवायचा कागद तयार ठेवा. त्यावर तीनच प्रश्न: आजी-आजोबांच्या लहानपणी या दिवशी घरात काय करायचे? दारावर काय लावायचे? डोकं दुखलं तर काय करायचे? ही कल्पना माझी नाही, या देशाचीच आहे. 1937 ते 1939 या काळात इथल्या लोकसाहित्य आयोगाने सुमारे 5000 प्राथमिक शाळांतल्या 50 हजारांवर मुलांना घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांकडे पाठवलं. औषधं, पुरलेलं धन, हवामानाचे ठोकताळे, सणांच्या चाली, सगळं मुलांनी वहीत उतरवून आणलं. मुलांच्या वह्या आणि बांधीव खंड मिळून ती सुमारे 7 लाख 40 हजार पानं होतात. ‘दूखस’ या संकेतस्थळावर ती फुकट वाचता येतात, कौंटीनुसार, म्हणजे जिल्ह्यानुसार, शोधता येतात. आपल्या कौंटीतलं ब्रिजिडवरचं एक पान काढा, मोठं करून छापा आणि त्या मुलाचं वय वर्गाला सांगा. बहुतेक अकरा ते चौदा वर्षांची होती. आमच्या वर्गात एरवी खिडकीबाहेर बघत बसणारा मुलगा त्या पानाजवळून हलेना, अक्षर आपल्यापेक्षा चांगलं आहे म्हणून. ज्यांचे आजी-आजोबा सांगलीत किंवा लागोसमध्ये आहेत, त्यांनी तिथला फेब्रुवारीतला सण विचारून आणला तरी चालेल, असं कागदावरच लिहा, म्हणजे कुणी रिकाम्या हाताने येणार नाही.

आता खरं जोखमीचं काम: रश. आपल्या लव्हाळ्यासारखी, पाणथळ शेतात उगवणारी ही हिरवी गोल काडी. हिच्यापासून ब्रिजिडचा क्रॉस विणतात. रीत अशी की रश कापायची नाही, उपटायची. एका क्रॉसला वीस-पंचवीस काड्या धरा, म्हणजे अठ्ठावीस मुलांच्या वर्गाला सातशे. ऐकून घाबरू नका, एका ओल्या बांधावर अर्ध्या तासात होतात. पण शेत कुणाचं आहे ते बघून परवानगी घ्या, गुडघ्यापर्यंतचे वेलिंग्टन बूट घाला आणि दुपारीच जा, कारण जानेवारीअखेर पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. काड्या लांब आणि हिरव्या निवडा, टोकाला तपकिरी पडलेल्या सोडा. वर्गाच्या आदल्याच दिवशी आणा. पहिल्या वर्षी मी शहाणपणाने चार दिवस आधी आणल्या आणि रेडिएटरशेजारी ठेवल्या. वर्गात प्रत्येक काडी वाकवताच कट्ट करून मोडली आणि शेवटी सगळ्यांनी पाइप क्लीनरवर, म्हणजे हस्तकलेच्या लवदार तारांवर, भागवलं. आता मी ओल्या टॉवेलात गुंडाळून मागच्या पोर्चमध्ये ठेवते.

विणीचा सराव घरी करा, किमान तीन क्रॉस. एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्याभोवती अडकवायची, दोन्ही टोकं उजवीकडे. सगळं घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा फिरवायचं, की ती टोकं वर येतात. तिसरी काडी दुमडून त्यांच्याभोवती, पुन्हा उजवीकडे. फिरवायचं, अडकवायचं, मधला चौकोन चिमटीत घट्ट धरून ठेवायचा. सात वर्षांच्या मुलांची चिमूट इथेच सुटते, म्हणून दोघांची जोडी करा: एक धरेल, एक घालेल. चार टोकांना चार छोटे रबर बँड, त्यावर सुतळी, मग कात्रीने टोकं सारखी. रबर मोजून न्या, 28 गुणिले 4, वर वीस जास्त. ज्या घरांना क्रॉसचा आकार नको, त्या मुलांसाठी तीन पायांचा प्रकार आहे. तो पूर्वी गोठ्यात लावायचे, म्हणजे तडजोड नव्हे, तीही परंपराच. आगीपासून घर वाचावं म्हणून क्रॉस दाराच्या वर किंवा छताला खोचायचे, आणि काही घरांत जुने न काढता दरवर्षी नवा जोडत जायचे. उरलेल्या चार काड्या सोलून आतला पांढरा गर दाखवा. तो चरबीत बुडवून गरीब घरांत दिवा लावायचे.

ब्रिजिड दुभत्याची राखणदार, म्हणून मी लोणीही काढते. घट्ट झाकणाच्या सहा प्लास्टिकच्या बरण्या (काच नको), प्रत्येकीत तिसऱ्या हिश्शापर्यंत क्रीम, सकाळीच फ्रीजबाहेर काढलेलं. गटाने आळीपाळीने हलवायचं. काही मिनिटांनी आवाजच बंद होतो, मुलं म्हणतात बिघडलं. तसंच हलवत राहायला सांगा. मग अचानक डबक-डबक ऐकू येतं, गोळा आणि ताक वेगळं. आपलं ताक विरजणाचं, आंबट. हे गोड लागतं, चाखून सांगा. लोणी थंड पाण्यात धुवा, चिमूटभर मीठ, सोडा ब्रेडचे तुकडे. हात पुसायला कागद विसरू नका, मी दोनदा विसरले आहे.

गोष्टीसाठी एक जुनी साडी घ्या, शक्यतो नऊवारी, आणि अगदी लहान घडी करा. ब्रिजिडने लेन्स्टरच्या राजाकडे मठासाठी जमीन मागितली. तो नाही म्हणाला, तेव्हा तिने ‘माझा झगा झाकेल एवढीच दे’ म्हटलं. राजा हसून हो म्हणाला. चार मुलींनी चार टोकं धरली, चार दिशांना धावल्या, आणि झगा पसरतच गेला. तेच आजचं ‘करा’ (Curragh) नावाचं, किल्डेअरजवळचं जवळजवळ 5000 एकरांचं गवताळ मैदान. साडी उघडताना बाकं आधीच भिंतीला सारून ठेवा. राजा कोण होणार यावरून भांडण होतं, चिठ्ठ्या टाका.

पिशवीत सर्वांत शेवटी सुती कापडाच्या अठ्ठावीस पट्ट्या, प्रत्येकीवर नाव. हा ‘ब्रात ब्रीदे’ (Brat Bríde), ब्रिजिडचा झगा. 31 जानेवारीच्या रात्री बाहेर झुडपावर किंवा खिडकीच्या कठड्यावर ठेवायचा, ती जाताना स्पर्श करते, आणि सूर्य उगवायच्या आत घरात घ्यायचा; वर्षभर डोकेदुखीला उपयोगी. उच्चार एकदा शिक्षिकेकडून ऐकून घ्या, कौंटीगणिक बदलतो. वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवायचा, हे मुलांना निघताना सांगा. 1 फेब्रुवारीला इथे सूर्य आठनंतर उगवतो, तेव्हा पहाटे उठायचीही गरज नाही.