गाजर गवत उपटलं, पण उघड्या बांधाचं काय?

पहिले दोन चांगले पाऊस झाले की बांधावर, उकिरड्याभोवती, शेतरस्त्याच्या कडेला गाजरासारखी कातरलेली पानं जमिनीला चिकटून पसरलेली दिसतात. उपटायची वेळ हीच. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात गाजर गवत फुलावर येतं आणि मग एकेक झाड हजारो बिया टाकतं. माती ओली असताना ते मुळासकट येतं. नुसतं कापलं तर बुडख्यातून पुन्हा फुटतं. हातमोजे घाला, नाका-तोंडाला रुमाल बांधा. ‘अंगाला लागून लागून सवय होते’ असं सांगणारे भेटतात. उलट आहे, एकदा ॲलर्जी झाली की पुढच्या वेळी चट्टे जास्त उठतात. फुलाआधीचं गवत कंपोस्टला चालतं. फुलावर आलेलं खड्ड्यात टाकलं, तर पुढच्या वर्षी खताबरोबर तुम्हीच ते शेतभर पेराल.

पण दरवर्षी तोच बांध आणि तेच गवत, असं का? वनस्पतिसमूहांचा अभ्यास करणारे उपटलेल्या झाडापेक्षा मागे उरलेल्या जागेकडे आधी बघतात. माती हललेली, ऊन आणि ओल मोकळी, वापरायला कुणी नाही, अशा ठिकाणी परकी जात सहज शिरते. १९५५च्या सुमारास पुण्यात नजरेत आलेलं हे तण रस्त्यांच्या कडा, पडीक रानं आणि अतिचराईनं उघडे पडलेले माळ धरत देशभर गेलं. दाट गवताच्या कुरणात त्याला सहसा शिरता येत नाही.

म्हणून उपटाल त्याच दिवशी तिथे टाकळ्याचं (विदर्भात तरोटा) बी फेका. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे तो टिकतो आणि दाट वाढून खाली सावली धरतो. चारा हवा असेल तिथे मारवेल गवताचे ठोंब लावा. टाकळ्याचं बी हाताशी नसेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाळलेल्या शेंगा गोळा करून ठेवा. शेंग लांब, बारीक, किंचित वाकडी बघून घ्या. आखूड, सरळ, केसाळ शेंगांचा त्याचा भाऊबंदही गाजर गवताला हटवतो, पण तो स्वतः अमेरिकेतून आलेला. एक पाहुणा घालवायला दुसरा बोलवावा, हे मला पटत नाही.

गाजर गवताच्या पानांची चाळण झालेली दिसली आणि पांढुरक्या पाठीवर काळपट रेघांचे भुंगेरे सापडले, तर तेवढा पट्टा उपटू नका, फवारूही नका. १९८०च्या दशकात मेक्सिकोतून खास याच कामासाठी आणलेले हे किडे पावसाळाभर खातात आणि थंडीत मातीत शिरतात.

तीन आठवड्यांनी बांधावर दुसरी फेरी माराच. मातीतलं जुनं बी एकदम उगवत नाही, टप्प्याटप्प्यानं वर येतं.