छोट्या भाषेत सिम्बॉल आणि त्यांचे मूल्य कसे हाताळावे

नागपुरात कंपायलरचा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःची लहानशी प्रोग्रामिंग भाषा रचायला घेतली, तर सिम्बॉल, म्हणजे प्रोग्राममधले नाव, वेगळा आणि त्याचे मूल्य वेगळे, हे त्याने पहिल्याच दिवशी पक्के करावे. कळमना बाजारातील संत्र्यांच्या हिशेबासाठी (गुणाकार भाव वजन) असे लिहिले, तर प्रोग्रामचा मजकूर वाचणाऱ्या भागाच्या दृष्टीने ती केवळ तीन सिम्बॉलांची यादी असते.

एका नावाचा सिम्बॉल एकदाच तयार करून तक्त्यात ठेवावा आणि ते नाव पुन्हा आले की तोच परत द्यावा, म्हणजे तुलना करताना अक्षरे तपासावी लागत नाहीत. मराठी नावे चालवायची असतील तर येथे विशेष काळजी घ्यावी: ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ’ युनिकोड या अक्षरांच्या संकेतप्रणालीत एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन संकेतांकांनीही. म्हणून नाव आधी एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणावे, नाहीतर डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावे तक्त्यात वेगवेगळी नोंदली जातील.

आता मूल्य काढणारे फंक्शन लिहावे. जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या निबंधात ते आपल्या लिस्प या प्रोग्रामिंग भाषेतच मांडले आणि स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ या संगणकावर प्रत्यक्ष चालवले. आजही त्याचा गाभा पानभरात मावतो. संख्येचे मूल्य ती संख्याच. सिम्बॉलचे मूल्य आतल्या परिसरापासून (परिसर म्हणजे नावे आणि त्यांची मूल्ये यांची नोंद) बाहेरच्या परिसराकडे शोधत जावे आणि न सापडल्यास नावासह चूक दाखवावी. यादी आली तर सर्व घटकांची मूल्ये काढून पहिल्या घटकाचे फंक्शन उरलेल्यांवर चालवावे. मात्र ‘जर’ हे फंक्शन म्हणून कधीही लिहू नये; त्याला या नियमात अपवाद करावा. (जर (समान वजन ०) ० (भागाकार रक्कम वजन)) यात सर्व मूल्ये आधीच काढली, तर वजन शून्य असतानाही भागाकार होतो आणि अट निरर्थक ठरते. (जसेच्या-तसे भाव) यालाही असाच अपवाद लागतो, कारण भाव ४० रुपये असला, तरी त्याचे उत्तर ४० रुपये नसून ‘भाव’ हा सिम्बॉलच असतो.

फंक्शनसोबत ते जिथे लिहिले तिथला परिसर साठवावा. १९७५ मध्ये स्कीम या लिस्पच्याच कुळातील भाषेने हाच मार्ग धरला. तपासण्यासाठी सर्वांत बाहेर ‘दर’ ५ ठेवून तो वापरणारे ‘हमाली’ हे फंक्शन लिहावे आणि ज्याच्या पॅरामीटरचे नावही ‘दर’ आहे अशा दुसऱ्या फंक्शनला ९ देऊन त्यातून ‘हमाली’ला हाक मारावी. हिशेब ९ च्या दराने झाला, तर साठवलेल्या परिसराऐवजी हाक मारणाऱ्याचा परिसर वापरला जात आहे.