फिश टँकमध्ये वाळकी पानं कशी वापरावीत: बदामाच्या पानापासून सुरूच्या फळापर्यंत

थंडीच्या दिवसांत रस्त्याकडेची बदामाची झाडं तांबडीलाल होतात आणि खाली पानांचा सडा पडतो. सोसायटीत तो सकाळी झाडून कचऱ्याच्या गाडीत जातो. तीच पानं वाळवून, पाकिटात भरून फिश टँकच्या दुकानात ‘कटप्पा लीफ’ म्हणून विकली जातात. हा खायचा बदाम नव्हे. हा आपला देशी बदाम, टर्मिनॅलिया कटप्पा. हिरडा, बेहडा, ऐन आणि अर्जुन यांचा भाऊबंद. हिरडा कातडी कमवायला वापरतात तो त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे, आणि बदामाच्या पानातही मुख्य माल तोच.

पान पाण्यात पडलं की टॅनिन आणि ह्युमिक द्रव्यं (पालापाचोळा कुजून होणारी तपकिरी द्रव्यं) हळूहळू सुटतात आणि पाणी कोऱ्या चहासारखं होतं. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच माशांचं मूळ घर असल्याच पाण्यात आहे. कार्डिनल टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या रिओ नेग्रो नदीतला. तिथलं पाणी गडद, आम्लधर्मी आणि क्षार जवळजवळ नसलेलं. चॉकलेट गोरामी आग्नेय आशियातल्या दलदलीच्या जंगलांतला. पांढरीशुभ्र ट्यूबलाइट आणि निळी-गुलाबी खडी यांच्यामध्ये हे मासे बिचकून कोपऱ्यात उभे राहतात. तळाशी पानं आली आणि उजेड थोडा मंदावला की ते बाहेर येऊन फिरू लागतात. माझ्या मते पानं टाकायचं हे सगळ्यात भक्कम कारण आहे.

आधी आपलं पाणी ओळखा

पानं टाकली की पीएच (पाण्याच्या आम्लपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त आम्लधर्मी) उतरतो असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते पाण्यावर अवलंबून आहे. धरणातून नळाला येणारं मुंबईचं पाणी मृदू असतं, तिथे थोड्या पानांनीही पीएच जरा खाली सरकतो. बेसाल्टच्या खडकातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात मात्र कार्बोनेट भरपूर असतात. पानातलं सौम्य आम्ल ते सहज पचवतात आणि पीएच हलतही नाही. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढत असेल तर तुमचं पाणी या दुसऱ्या जातीचं. तिथे पीएच उतरवण्याच्या नादात पानांचा ढीग ओतलात तर पाणी काळपट होईल, आम्लधर्मी होणार नाही.

एक साधी चाचणी करा. बादलीत दहा लिटर पाणी घ्या, पीएच मोजा, एक पान टाका आणि चार दिवसांनी पुन्हा मोजा. टाकीत काय होणार याचा अंदाज इथेच येतो.

नव्या टाकीत घाई नको. फिल्टर किमान महिनाभर चालून स्थिरावलेला असावा.

कोणती पानं घ्यावीत, कोणती नकोत

सुरुवातीला बदामच घ्या. फणसाचं पान जाड असतं, जास्त टिकतं आणि रंग कमी सोडतं. श्रिंप (टाकीत पाळायची इवली कोळंबी) पाळणारे पेरूची आणि तुतीची पानं टाकतात. तुतीचं पान तर श्रिंप लगेच फस्त करतात. परसातल्या केळीचं झाडावरच वाळलेलं पान चालतं, पण केळीच्या बागेतलं नको, तिथे फवारण्या असतात. काशीद किंवा नागावच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बोराएवढी खरखरीत फळं पडलेली असतात, ती रंगासाठी उत्तम. करवंटी अर्धी फोडून उपडी घातली की माशांना आयती गुहा मिळते. मात्र आतलं खोबरं पूर्ण खरवडून काढा, नाहीतर पाण्यावर तेलाचा तवंग येतो.

आता नकोत ती. कडुनिंब औषधी म्हणून लोक हौसेने टाकतात, पण त्यातलं ॲझाडिरॅक्टिन कीटकांना मारतं आणि श्रिंपलाही सोडत नाही. करंज आणि गेळ यांचा वापर तर ओढ्यातले मासे गुंगवून पकडायला पूर्वापार होत आला आहे. रिठ्यातला फेस माशांच्या कल्ल्यांना घातक. कण्हेर, रुई, शेर ही विषारी चिकाची झाडं, निलगिरीत तेल. झाड नक्की ओळखता येत नसेल तर त्याचं पान टाकूच नका.

गोळा करणं आणि वाळवणं

आपणहून गळून पडलेली, तांबडी किंवा तपकिरी पानंच उचला. झाड पान गाळण्याआधी त्यातला बराचसा पोषक रस काढून घेतं. हिरवं पान तोडून टाकलंत तर ती सगळी साखर टाकीत उतरते, जिवाणू माजतात आणि पाणी गढूळ होतं.

जागाही बघून निवडा. हमरस्त्याच्या कडेची काजळी चढलेली पानं नकोत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डासांसाठी धूरफवारणी झालेल्या आवारातली पानं टाळा. ती कीटकनाशकं माशांसाठी आणि त्याहून जास्त श्रिंपसाठी जहरी असतात. सोसायटीत फवारणी कधी झाली हे वॉचमनला विचारायला लाजू नका. आणि राष्ट्रीय उद्यानात फिरायला गेलात तर तिथलं पडलेलं पानही आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे.

घरी आणल्यावर पक्ष्यांची शीट, कोळ्यांची जाळी, पांढरी बुरशी असलेली पानं बाजूला काढा. बाकीची धुऊन सावलीत वाळवा. मुठीत दाबल्यावर कुरकुरली पाहिजेत. मग कागदी पिशवीत भरून ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि पावसाळ्यात सगळा साठा बुरसटतो.

उकळणं

स्टीलचं पातेलं घ्या. लोखंडी कढईत टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन पाणी शाईसारखं काळं होतं. लोखंडी कढईत आवळा शिजवणाऱ्यांना हे सांगायला नको. पातेलं फिश टँकसाठी वेगळंच ठेवलेलं बरं, साबणाचा अंशही नको.

पाणी उकळलं की गॅस बंद करा, पानं बुडवा आणि वर ताटली ठेवून अर्धा तास राहू द्या. कोरडं पान आधी हट्टाने तरंगतं, कडा वर वळलेल्या असतात. मग शिरांलगत बारीक बुडबुडे दिसतात, पान मऊ पडतं आणि एक बाजू कलून खाली जातं. आतली हवा निघाली की ते टाकीतही तळाशी बसतं. सुरूची फळं आणि करवंटी मात्र अर्धा ते एक तास उकळायला हवीत, मधे एकदा पाणी बदलून. समुद्रकिनाऱ्यावरून आणलेल्या फळांवर मीठ असतं, ती उकळण्याआधी एक रात्र साध्या पाण्यात भिजवा.

पहिलं गडद पाणी ओतून द्यावं. काही जण तेच गाळून, गार करून टाकीत घालतात. फक्त रंग हवा असेल तर तेही चालतं, पण थोडं थोडं.

टाकीत घालणं

दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी म्हणजे दोन घनफूट, सुमारे 56 लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी उरतं 45 लिटरच्या आसपास. एवढ्या टाकीत वीतभर लांबीचं एकच पान घाला. आठवडाभर मासे बघा, पीएच बघा, मग दुसरं. पहिल्या दोन महिन्यांत तीन पानं आणि दोन-तीन सुरूची फळं, याच्या पुढे जाऊ नका. फिल्टरच्या तोंडाशी पान ठेवू नका. ते चिकटलं की पाण्याचा प्रवाह थांबतो.

फायटर मासा (बेट्टा) ठेवला असेल तर एखादं पान न उकळता, नुसतं धुऊन तरंगतं सोडा. नर त्याच्या आडोशाने बुडबुड्यांचं घरटं बांधतो. थायलंडमध्ये फायटरची पैदास करणारे ही पानं पूर्वीपासून वापरत आले आहेत.

काही दिवसांतच पानावर पांढुरका, बुळबुळीत थर येतो. इथे बहुतेकजण घाबरून सगळं उपसून टाकतात. तो जिवाणू आणि बुरशीचा थर आहे आणि नुसतं दिसायला वाईट आहे. गोगलगायी आणि श्रिंप त्याच्यावर तुटून पडतात, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांनाही त्यातलं सूक्ष्म खाद्य मिळतं. चेरी श्रिंप पानाच्या कडेवर बसून इवल्या नखांनी खरवडत राहतात; काही आठवड्यांत मधला गर संपतो आणि शिरांची जाळी तेवढी उरते. ती जाळी काढा किंवा राहू द्या, तुमची मर्जी. मी राहू देतो.

पुढची देखभाल आणि बिघाड

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नव्या पाण्यात अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रव्य) नेहमीसारखंच. सगळी जुनी पानं एकदम काढून नवी टाकू नका. एक काढलं की एक घाला.

मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पानं जास्त झाली आहेत आणि ती कुजवणारे जिवाणू प्राणवायू संपवत आहेत. उन्हाळ्यात हे लवकर होतं, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. विदर्भात मे महिन्यात पानं निम्मी करा आणि एअर पंप रात्रीही चालू ठेवा. मासे धापा टाकताना दिसले तर निम्मी पानं लगेच काढा, तितक्याच तापमानाचं पाणी घेऊन एक तृतीयांश पाणी बदला. फायटर आणि गोरामी हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे ते अधूनमधून वर येतातच. टेट्रा वर आले तर मात्र ताबडतोब हलायचं.

पानांखालून सडक्या अंड्यासारखा वास आला तर थर फार जाड झाला आहे. तो थोडा थोडा करून उपसा.

पानांना औषध समजू नका. पानांच्या अर्कात जिवाणूंना रोखणारे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत, पण शेपटी झडत चाललेल्या माशाला स्वच्छ पाणी आणि योग्य उपचारच लागतात. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिड माशांना आणि मोलीला कठीण, अल्कधर्मी पाणी लागतं, त्यांच्या टाकीत हा खटाटोप करू नका. गोल्डफिश तर पानं उचकून, फाडून फिल्टर तुंबवून ठेवतो.

घरच्यांना पाणी घाण वाटलं तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी घाला, दोन-तीन दिवसांत रंग बराच उतरतो. रंग हवा असेल तर फिल्टरमध्ये आधीपासून कार्बन आहे का ते तपासा. पानं टाकूनही पाणी पांढरंच राहतं अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा कारण तेच असतं.