‘स्टार ट्रेक’चे पारायण, या वेळी रंगांत

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानावर घडणारी अमेरिकी मालिका पाहणाऱ्या मुंबईकरांपैकी अनेकांनी ती कृष्णधवल संचावर पाहिली. देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाले असले, तरी चाळीत ज्या घरी अख्खा मजला टीव्ही पाहायला जमत असे, त्या घरचा संच बदलायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. त्यामुळे यानाचा कप्तान कर्क, त्याचा सहकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय यांची भांडणे तोंडपाठ असलेल्या जुन्या चाहत्यानेही या मालिकेचा एक मोठा भाग अद्याप पाहिलेलाच नाही, असे म्हटले तर वावगे ठरू नये. पारायण करायचे तर ते रंगांसाठी करावे आणि त्यासाठी थोडी पूर्वतयारी करावी.

पहिला प्रश्न क्रमाचा. सप्टेंबर १९६६ ते जून १९६९ या काळात तीन पर्वांत मिळून ७९ भाग अमेरिकेत दाखवले गेले, पण ज्या क्रमाने ते चित्रित झाले त्या क्रमाने नव्हे. ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ हा नमुन्यादाखल केलेला भाग प्रक्षेपणात तिसरा आला, तर नियमित भागांपैकी सर्वांत आधी चित्रित झालेला ‘द कॉर्बोमाइट मन्यूव्हर’ थेट दहावा. प्रक्षेपणाच्या क्रमाने पाहिल्यास दोन भाग निळ्या सदऱ्यात वावरलेला स्पॉक तिसऱ्या भागात एकाएकी सोनेरी सदऱ्यात दिसतो, मॅकॉयच्या जागी दुसराच डॉक्टर असतो आणि संदेशवहन सांभाळणाऱ्या उहुराचा पत्ताच नसतो. चित्रीकरणाचा क्रम धरला की हा घोळ उरत नाही. ‘कॉर्बोमाइट’मध्ये उहुरा सोनेरी पोशाखात येते आणि काही भागांनंतर तिचा तो सुपरिचित लाल पोशाख स्थिरावतो. जहाजावरची व्यवस्था हळूहळू बसत गेलेली अशी डोळ्यांना दिसते. चित्रीकरणक्रमाची यादी सहज मिळते. ती कागदावर उतरवून टीव्हीजवळ ठेवावी.

दुसरा प्रश्न आवृत्तीचा. २००६ पासून जहाजाची आणि ग्रहांची दृश्ये संगणकावर नव्याने करून जुन्या भागांत बसवण्यात आली. ती देखणी आहेत, पण माझे मत मूळ दृश्यांच्या बाजूने आहे, कारण ग्रहाभोवती फिरणारे तेच ते जहाज पुन्हा पुन्हा वापरलेले पाहताना निर्मात्यांची काटकसर कळते. माणसांना जहाजावरून क्षणात ग्रहावर पोहोचवणाऱ्या ट्रान्स्पोर्टर यंत्राची कल्पनाही काटकसरीतूनच आली: दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते. ब्लू-रे तबकड्यांवर मूळ दृश्ये निवडण्याची सोय आहे.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचे प्रमाण चारास तीनच ठेवावे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तरी चालतील, पण चित्र ताणून पडदा भरू नये. तसे केल्यास एंटरप्राइज या जहाजाची गोल तबकडी लंबगोल होते. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी आणि रंग भडक करणारा पर्यायही टाळावा. भाग सुमारे पन्नास मिनिटांचा असल्यामुळे बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या जलद लोकलमध्ये तो जवळपास बसतो, हे खरे. तथापि मोबाइलच्या पडद्यावर आणि अंधेरीनंतरच्या गर्दीत रंग पाहणे होत नाही. ते रात्री दिवाणखान्यातले दिवे मालवूनच करावे.

आता प्रत्यक्ष पाहताना लक्ष कशाकडे द्यावे? सर्वप्रथम भिंतींकडे. जहाजातल्या भिंती मुळात करड्या होत्या. छायालेखक जेरी फिनरमन यांनी दिव्यांवर रंगीत कागद लावून त्या जांभळ्या, हिरव्या, लाल केल्या. एखादा प्रसंग सुरू झाला की क्षणभर संवाद सोडून पात्रांच्या मागे पाहावे. कृष्णधवल संचावर हे सगळे एकाच राखाडीत बुडाले होते. दुसरे म्हणजे कर्कचा सदरा. आपण ज्याला सोनेरी म्हणतो ते वेलूरचे, म्हणजे मखमलीसारखे, कापड प्रत्यक्षात हिरवट होते आणि दिव्यांच्या प्रकाशात सोनेरी दिसे. ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’मध्ये तो घालतो तो वेगळ्या कापडाचा सदरा मात्र सरळ हिरवा दिसतो. लाल सदऱ्यातील अनोळखी माणूस ग्रहावर उतरला की तो परतणार नाही, हा चाहत्यांचा जुना विनोदही रंग दिसल्याशिवाय कळत नाही.

‘स्पेस सीड’ हा भाग भारतीय प्रेक्षकाने सावकाश पाहावा. त्यातला खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असे जहाजावरची इतिहासतज्ज्ञ म्हणते. भूमिका मात्र मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंतालबान यांची आहे. अभिनय उत्तम आहे, पण शीख व्यक्तिरेखेचे नावापलीकडे काही हाती लागत नाही.

तिसऱ्या पर्वात पैसा कमी झाला आणि मालिका शुक्रवारी रात्री दहाच्या वेळेवर ढकलली गेली. ‘स्पॉक्स ब्रेन’ खुशाल वगळावा. याउलट ‘स्पेक्टर ऑफ द गन’ चुकवू नये. तिथे गावातल्या घरांचे नुसते दर्शनी भाग उभे आहेत आणि मागे लालभडक आकाश आहे. हाती पैसा नसताना केलेली ही मांडणी माझ्या मते साऱ्या मालिकेतली सर्वांत धीट आहे.

१९६५ मध्ये नाकारला गेलेला ‘द केज’ हा पहिला नमुना-भाग, चित्रीकरणक्रमात आधी असूनही, अगदी शेवटी पाहावा. त्यातली बरीच दृश्ये ‘द मेनाजरी’ या दोन भागांच्या कथेत वापरलेली असल्यामुळे तो आधी पाहिल्यास त्या कथेतले रहस्य फुटते.