सिरियल पोर्ट सुरू करताना या चुका टाळा (दर वेळी खाऱ्या हवेला दोष देऊ नका)

कोकणात कुठलंही मशीन सिरियल पोर्टवर, म्हणजे वायरवरून एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीवर, बोलायचं बंद झालं की पहिला आरोपी ठरलेला, खारी हवा. दुसरी म्हणजे आदल्या रात्री गेलेली लाईट. कनेक्टर हिरवे पडतात, पिना गंजतात हे खरंय, पावसाच्या आधी मी स्वतः सगळे नाईन-पिन कनेक्टर उघडून साफ करतो. पण "पोर्ट चालत नाय" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा तक्रारींत वायर एकदम ठणठणीत असते, घोळ असतो तो पोर्ट उघडल्यावर काय सेट केलं आणि काय रामभरोसे सोडलं यात. आणि चुका त्याच त्याच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त जीव खाणारी चूक म्हणजे अर्धवट सेटिंग. लिनक्समध्ये साधा सिरियल पोर्ट बूटनंतर पहिल्यांदा उघडला की कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला ९६०० बॉड (म्हणजे वेग), ८ बिट, नो पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट नाही) देतो, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण बाकीचं वागणं टर्मिनलचं असतं, म्हणजे समोर माणूस कीबोर्ड घेऊन बसलाय असं धरून. आत येणारा सीआर (ओळीच्या सुरुवातीला परत जायची खूण) एलएफ (नव्या ओळीची खूण) होतो, बाहेर जाणाऱ्या एलएफच्या आधी एक सीआर घुसतो, आणि समोरून कंट्रोल-एसचा ('थांब' सांगणारा) बाइट आला की आपलं पाठवणंच थांबतं. माणसासाठी हे बरोबर आहे, मशीनशी बायनरी बोलायचं असेल तर मात्र हे विष आहे.

रत्नागिरीत एका बर्फाच्या कारखान्यात बारा टेंपरेचर कंट्रोलर आहेत, ब्राइनच्या टाक्यांपासून कंप्रेसरपर्यंत, सगळे एकाच आरएस-४८५ वायरवर (एकीवर अनेक मशीनं लागतात ती), मॉडबस आरटीयूवर (कारखान्यातल्या मशीनांची बायनरी भाषा) बोलणारे. एका पोराने लिनक्सच्या छोट्या बोर्डवर प्रोग्रॅम लिहून दिला, बाकी सगळे कंट्रोलर दिसायला लागले, फक्त दहा नंबर नाही. कंट्रोलर बदलला, तरी नाही. कनेक्टर बदलला, शेवटचा १२० ओमचा रेझिस्टर बदलला, मग टाकीपर्यंतची केबलच नवी ओढली. ऑपरेटर वैतागून मला म्हणाला, "भाऊ, नवीन टाकला तरी हा मेला बोलत नाय, जागाच खराब हाय." वर आणखी एक त्रास होता, अधूनमधून एखाद्या कंट्रोलरचा सीआरसी (संदेश नीट आला का ते तपासायचे शेवटचे बाइट) चुकायचा, आणि कधीतरी अचानक सगळेच गप्प व्हायचे, प्रोग्रॅम बंद करून परत चालू केला की ठीक.

मी गेलो तेव्हा पहिलं काम केलं ते त्याच कंट्रोलरचा पत्ता दहाचा वीस केला. लगेच बोलला. म्हणजे जागा खराब नव्हती, आकडा खराब होता. दहा म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर आकडे लिहायची पद्धत) ०ए, आणि ०ए म्हणजे एलएफ. मॉडबस फ्रेमचा, म्हणजे एका संदेशाचा, पहिलाच बाइट पत्ता असतो, आणि ड्रायव्हरच्या (चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) वरचा टीटीवाय, म्हणजे टर्मिनलचा, थर इमानदारीत त्याच्या आधी ०डी, म्हणजे सीआर, घालत होता. वायरवर जायचं "०डी ०ए ०३ ०० ०० ०० ०२..." आणि कंट्रोलर ती फ्रेम चुकीची म्हणून टाकून द्यायचा. पोराने पोर्टच्या सेटिंगमधला एलफ्लॅग शून्य केला होता, त्यामुळे इको आणि लाईन-मोड गेले, पण ओफ्लॅग (बाहेर जाणाऱ्याची सेटिंग) आणि आयफ्लॅग (आत येणाऱ्याची) यांना हातच लावला नव्हता. मग बाकीचंही उलगडलं. उत्तरात कुठे ०डी आला की त्याचा ०ए व्हायचा, म्हणून सीआरसी चुकायचा. आणि तापमानात किंवा सीआरसीत १३ हेक्स आला की तो कंट्रोल-एस समजून पाठवणं बंद. कंट्रोलर विचारल्याशिवाय बोलत नाहीत, मग परत सुरू करणारा ११ हेक्स येणार कुठून? सगळे गप्प. एसटीटीवाय कमांडला सगळी सेटिंग दाखवायला सांगितली तर ओपोस्ट (बाहेर जाणाऱ्या बाइटांत फेरफार) आणि आयएक्सऑन (कंट्रोल-एसवर थांबणं), दोघांच्या आधी वजाची खूण नाही, म्हणजे दोन्ही चालू, तिथेच संपलं. तीन ओळींचा बदल, आणि केबलचा खर्च फुकट गेला.

तुम्ही एक नंबरच्या कंट्रोलरचं शून्य नंबरचं एक रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) मागितलं, जी सगळ्यांची पहिली टेस्ट असते, तर फ्रेम होते ०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए. शेवटचा बाइट बघा. म्हणजे ही चूक पहिल्याच टेस्टला पकडता येते, पण लोक काय करतात, एक नंबरने उत्तर दिलं नाही म्हणून दुसरं रजिस्टर, दुसरा नंबर मारून बघतात, तो चालला की पुढे पळतात. का चाललं नाही ते शोधायला थांबतच नाहीत. या घाईचा मला खरंच राग येतो, कारण त्या घाईचं बिल कारखानदार भरतो.

म्हणून माझी सवय अशी की आधी सध्याची सेटिंग वाचायची, मग सीएफमेकरॉ (टर्मिनलचं वागणं एकदम बंद करणारं फंक्शन) मारायचं, आणि त्यावरही विसंबायचं नाही. सीएफमेकरॉ हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या वायरीने थांब-चल सांगणं), स्टॉप बिट, आयएक्सऑफ (समोरच्याला थांबवणारा बाइट पाठवणं) आणि सीलोकल (मोडेमच्या कॅरियर सिग्नलकडे दुर्लक्ष) यांना हात लावत नाही, ते आधीच्याने जसे सोडले तसे राहतात. ते मी एकेक ओळ लिहून ठरवतो.

आधीचा, हा शब्द महत्त्वाचा आहे. लिनक्सच्या सिरियल पोर्टवर शेवटचा प्रोग्रॅम बंद झाला तरी सेटिंग तशीच राहते, पुढचा येतो त्याला तीच मिळते. बोटीवरचा जीपीएस एनएमईए ०१८३ (बोटीवरच्या उपकरणांची भाषा) वर ४८०० ने बोलतो, एआयएस (आजूबाजूच्या बोटी दाखवणारं यंत्र) ३८४०० ने, आणि मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत दिसणारा प्रकार म्हणजे प्रोग्रॅममध्ये बॉड रेटच सेट केलेला नाही, कारण "आजपर्यंत चालत होतं". चालत होतं कारण बूट होताना कुठल्यातरी स्क्रिप्टने ४८०० लावलं होतं. कोणीतरी त्याच पोर्टवर एआयएस लावून बघितला की दुसऱ्या दिवशी जीपीएस कचरा ओकतो आणि परत खाऱ्या हवेवर आळ. फ्रीबीएसडीने (लिनक्ससारखीच दुसरी सिस्टीम) हे मला वाटतं जास्त नीट ठरवलंय, तिथे प्रत्येक पोर्टासोबत एक आयनिट डिव्हाइस आणि एक लॉक डिव्हाइस असतं, पोर्ट नव्याने उघडला की सुरुवात आयनिटमधल्या सेटिंगने होते, आणि जे बदलू द्यायचं नाही ते लॉकमध्ये अडकवता येतं. विंडोजवाल्यांनी डीसीबीचं (तिथला पोर्टच्या सेटिंगचा तक्ता) प्रत्येक फील्ड स्वतः भरावं, वाचून आलेल्यातलं बॉड रेट तेवढं बदलून परत देऊ नये.

आता ड्रायव्हर लिहिणाऱ्यांकडे वळतो, कारण वरच्या सगळ्याचा पाया तिथे आहे. इथली माझी नावडती चूक, बूटलोडरच्या (कर्नलच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) जिवावर चालणारा ड्रायव्हर. बोर्ड चालू होतो, बूटलोडर ११५२०० ला कन्सोल लावतो, कर्नल येतो, ड्रायव्हर फक्त इंटरप्ट (चिपने मारलेली हाक) मागतो आणि अक्षरं दिसतात, झालं, पोर खूश. वर सेट-टर्मिऑसमध्ये (टर्मिऑस म्हणजे पोर्टच्या सेटिंगचा तक्ता, तो लावणारं फंक्शन) शॉर्टकट, जुना आणि नवा बॉड सारखा असेल तर रजिस्टरला हात लावायचा नाही. टेबलावर सगळं छान. बोर्ड विकायची वेळ आली, बूटलोडरचा कन्सोल बंद केला, आणि पोर्ट मेला, कारण डिव्हायजर (क्लॉकला भागून वेग ठरवणारा आकडा) आजवर कोणी लिहिलाच नव्हता. बोर्ड झोपेतून उठल्यावरही तेच होतं, वीज गेली की रजिस्टरं कोरी आणि ड्रायव्हर म्हणतो सेटिंग तर बदललीच नाही. पोर्ट उघडताना आणि रिझ्यूममध्ये सगळं नव्याने लिहा, आधी काय होतं त्याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. १६५५० जातीच्या सिरियल चिपला माझा क्रम असा: इंटरप्ट बंद, फिफो (बाइट साठवायच्या रांगा) रिकामे, मग लाइन स्टेटस, रिसीव्ह बफर, इंटरप्ट आयडी आणि मोडेम स्टेटस वाचून जुनं साठलेलं काढून टाकायचं, मग फॉरमॅट आणि डिव्हायजर, आणि सगळ्यात शेवटी इंटरप्ट चालू. लाइन स्टेटस एफएफ आला तर तिथे चिपच नाही असं समजायचं.

डिव्हायजर लिहिताना लॉक धरा. डीएलएबी (डिव्हायजर उघडणारा) बिट लागलेला असताना शून्य नंबरच्या रजिस्टरवर डेटा नसतो, डिव्हायजर असतो, मध्येच इंटरप्ट आला तर तोच डेटा म्हणून वर जातो.

पीसीच्या पोर्टवर आउट-टू बिट (चिपचा इंटरप्ट पुढे सोडणारा) विसरलात तर इंटरप्ट येणारच नाही.

तीन वायरची केबल असेल तर सीलोकल लावा, नाहीतर कॅरियरची वाट बघत ओपनच अडकून बसेल.

अर्डुइनो बोर्ड पोर्ट उघडताना दर वेळी रीसेट होतो ते डीटीआर सिग्नलमुळे, बोर्ड बदलू नका.

आणि ड्रायव्हरने खोटं बोलू नये. क्लॉक २४ मेगाहर्ट्झ असेल तर ११५२०० ला डिव्हायजर १३ येतो, प्रत्यक्षात ११५३८४ मिळतात, ठीक आहे, चालतं. त्याच क्लॉकवर ९२१६०० मागितले तर जवळचा पूर्ण आकडा २, म्हणजे साडेसात लाख, हे चालूच शकत नाही. अशा वेळी जो वेग खरंच लागला तोच टर्मिऑसमध्ये परत लिहायचा, हार्डवेअरला ७ बिट जमत नसतील तर तेही तिथे खरं सांगायचं. कारण टीसीसेटअ‍ॅटर (सेटिंग लावायचं फंक्शन) मागितलेल्यातली एक गोष्ट जरी लागली तरी यश म्हणून शून्य परत देतो. शून्य आला म्हणून निश्चिंत होणारे खूप बघितलेत. मी सेट केल्यावर टीसीगेटअ‍ॅटरने परत वाचतो, बॉड, बिट, पॅरिटी, फ्लो कंट्रोल जुळवून बघतो, आणि एक जरी जुळलं नाही तर प्रोग्रॅम तिथेच थांबवून लॉगमध्ये काय मागितलं आणि काय मिळालं ते दोन्ही लिहितो. ड्रायव्हरने खरं सांगितलं असेल तर एवढ्यावरून कळतं की गडबड सेटिंगमध्ये आहे का पुढे वायरमध्ये, आणि मग खुशाल स्क्रूड्रायव्हर घेऊन कनेक्टर उघडा.