दुहेरी फ्रेनेल भिंगाच्या पेटंट अर्जावर आक्षेप आल्यास उत्तर कसे द्यावे

मोबाइलचा पडदा मोठा दिसावा म्हणून त्याच्यासमोर उभे करायचे प्लास्टिकचे चौकोनी भिंग आता तालुक्याच्या आठवडी बाजारातही विकायला असते. त्याच्या एका बाजूवरून नख फिरवले की गोल गोल बारीक खाचा लागतात. हेच फ्रेनेल भिंग. जाड भिंगाचा मधला गाभा काढून टाकायचा आणि त्याच्या वक्र पृष्ठभागाचे उतार तेवढे वर्तुळाकार पट्ट्यांच्या रूपाने एका पातळ पत्र्यावर मांडायचे, ही त्यामागची युक्ती आहे. फ्रान्सच्या ओग्युस्तँ-झाँ फ्रेनेल यांनी दीपगृहांसाठी ही युक्ती प्रत्यक्षात आणली आणि १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात असे भिंग बसले. आज तेच तत्त्व डोक्याला लावायच्या आभासी वास्तवाच्या उपकरणांतही वापरले गेले आहे.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळेच्या एका गुरुजींनी अंधूक दृष्टीच्या वडीलधाऱ्यांना मोबाइलवरचा सातबारा वाचता यावा म्हणून एक वाचनपेटी तयार केली, तिच्यात असे एक नव्हे तर दोन भिंगपत्रे एकामागे एक बसवले आणि पेटंटसाठी अर्ज केला. दीड-दोन वर्षांनी पेटंट कार्यालयाचे आक्षेपपत्र आले. पुढे काय करायचे, हे या लेखात सांगायचे आहे. मात्र उत्तराचा बराचसा भाग अर्ज लिहिण्याच्या दिवशीच ठरून गेलेला असतो, त्यामुळे सुरुवात थोडी मागून करावी लागेल.

अर्जाच्या वेळी

आपल्याकडे पहिली चूक बहुधा उत्साहापोटी होते. उपकरण तयार झाले की ते तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवले जाते, त्याचा व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतो आणि अर्ज त्यानंतर होतो. पेटंट कायदा, १९७० नुसार नवेपणा अर्जाच्या तारखेला तपासला जातो आणि त्याआधी लोकांसमोर आलेली गोष्ट नवी राहत नाही. प्रदर्शनात मांडल्यावर बारा महिन्यांची सवलत देणारे ३१वे कलम कायद्यात आहे, पण केंद्र सरकारने अधिसूचना काढून ते कलम ज्या प्रदर्शनांना लागू केले आहे, त्यांच्यापुरतीच ती सवलत आहे. तालुक्याचे प्रदर्शन त्यात बसेल असे धरून चालू नये. त्याऐवजी प्रदर्शनापूर्वी तात्पुरते तपशीलपत्र, म्हणजे शोधाचे लेखी वर्णन, जोडून अर्ज करावा आणि बारा महिन्यांच्या आत संपूर्ण तपशीलपत्र द्यावे. व्यक्तीने स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज केल्यास त्याचे शुल्क १६०० रुपये आहे.

महाराष्ट्रातील अर्जदाराचे कार्यालय मुंबईचे. गंमत अशी की देशभरातील पेटंट परीक्षकांना प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपुरात आहे, म्हणजे परीक्षक शिकतात आपल्या विदर्भात आणि आपला कागद मात्र मुंबईला जातो.

अर्ज मराठीत चालत नाही. कागदपत्रे हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी लागतात. तरीही माझा आग्रह असा आहे की तपशील आधी मराठीत, आपल्याला दिसतो तसा, पूर्ण लिहून काढावा आणि मग तो जाणकाराकडून भाषांतरित करून घेऊन स्वतः ओळीने ओळ तपासावा. एका अर्जाच्या भाषांतरात भिंगावरच्या ‘खाचा’ म्हणजे ‘तडे’ झालेले मी पाहिले आहेत. तडे गेलेल्या भिंगाला कोण पेटंट देणार?

परीक्षण आपोआप सुरू होत नाही. नमुना १८ भरून त्याची वेगळी मागणी करावी लागते आणि व्यक्तीसाठी तिचे शुल्क ४००० रुपये आहे. १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांना यासाठी प्राधान्य तारखेपासून, म्हणजे त्या शोधासाठी केलेल्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, ३१ महिन्यांची मुदत आहे. तेवढ्या काळात मागणी केली नाही, तर अर्ज मागे घेतला असे मानले जाते. सर्व अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांत एक जरी स्त्री असेल, तर नमुना १८अ भरून जलद परीक्षण मागता येते. वाचनपेटीची कल्पना गुरुजींच्या शिक्षिका पत्नीबरोबर मिळून सुचली असेल, तर त्यांचे नाव अर्जात असणे हे न्याय्यही आहे आणि उपयोगाचेही.

ई-मेल कोणाचा?

येथे एक घरची गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या पुतण्याने काही वर्षांपूर्वी अर्ज भरला तो तालुक्याच्या ठिकाणी, एका सायबर कॅफेत बसून. त्याचा स्वतःचा ई-मेल नव्हता, म्हणून कॅफेवाल्याने आपलाच घातला. परीक्षण अहवाल, म्हणजे वर म्हटलेले आक्षेपपत्र, त्या पत्त्यावर आला आणि शेकडो जाहिरातींच्या खाली पडून राहिला. कॅफे बंद होऊन तेथे कृषी सेवा केंद्र सुरू झाले, तरी पुतण्या मुंबईहून टपालाने पत्र येईल म्हणून वाट पाहत होता. पहिला परीक्षण अहवाल निघाल्यापासून सहा महिन्यांत उत्तर गेले नाही, तर कलम २१ नुसार अर्ज सोडून दिला असे धरले जाते. त्याचा अर्ज तसाच गेला. म्हणून ई-मेल आणि मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्यावा, आणि महिन्यातून एकदा पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून स्थिती पाहावी. सहा महिने पुरणार नाहीत असे वाटल्यास नमुना ४ भरून, शुल्कासह, तीन महिन्यांपर्यंत वाढ मागता येते. पण ही सोय शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवावी. ती आहे म्हणून निवांत बसू नये.

अहवाल वाचताना

अहवाल हातात आला की माणूस घाबरतो, कारण त्यात ‘नवीन नाही’, ‘स्पष्ट नाही’, ‘कलम ३ खाली येते’ (म्हणजे कायदा ज्याला शोध मानत नाही त्यात मोडते) अशी वाक्ये एकाखाली एक असतात. तो नकार नसतो. परीक्षकाने विचारलेले ते प्रश्न आहेत. अहवालाच्या सुरुवातीला सारांश असतो, मग तांत्रिक आक्षेप येतात, मग औपचारिक त्रुटी. औपचारिक त्रुटी म्हणजे सही राहिली, परदेशी अर्जांची माहिती देणारा नमुना ३ राहिला, आकृतीतील क्रमांक जुळत नाहीत, अशा गोष्टी. त्या एका बैठकीत उरकाव्यात. खरे काम तांत्रिक भागात असते.

तेथे परीक्षकाने सापडलेली जुनी कागदपत्रे डी१, डी२ अशा नावांनी दिलेली असतात. ती सारीच्या सारी उतरवून घ्यावीत आणि केवळ गोषवारा वाचून थांबू नये. त्यांच्याशिवायही आपण स्वतः शोध घ्यावा. फ्रेनेल भिंगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण जी०२बी ३/०८ येथे आणि डोळ्यांसमोर प्रतिमा दाखवणाऱ्या उपकरणांचे जी०२बी २७/०१ येथे असते. एस्पासनेट किंवा गूगल पेटंट्स या पेटंट शोधण्याच्या संकेतस्थळांवर हे क्रमांक टाकले की दोन भिंगपत्रे एकत्र बसवण्याची कल्पना किती जुनी आहे, हे तासाभरात कळते. ते कळल्यावर मन थोडे खट्टू होते, पण उत्तर लिहिताना हीच माहिती कामी येते.

मुख्य आक्षेप: कलम ३(फ)

दुहेरी भिंगाच्या अर्जावर जो आक्षेप जवळपास ठरलेलाच समजावा, तो कलम ३(फ) चा. ज्ञात साधनांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती, ज्यात प्रत्येक साधन दुसऱ्यापासून स्वतंत्रपणे आपल्या ज्ञात रीतीनेच काम करते, तिला हे कलम शोध मानत नाही. दोन बंड्या एकामागे एक उभ्या केल्या म्हणून नवे वाहन होत नाही. पण दोन बैल एका जूला जोडले की एकाचा पाय दुसऱ्याच्या पावलाशी बांधला जातो. परीक्षक विचारतो ते एवढेच की तुमच्या दोन भिंगपत्र्यांच्या मध्ये जू आहे का.

गुरुजींच्या पेटीत दोन्ही पत्र्यांचे नाभीय अंतर ३०० मिलिमीटर आहे आणि दोघांमध्ये ३० मिलिमीटरची जागा आहे, असे धरू. पाठ्यपुस्तकातील सूत्राने दोघांचे मिळून नाभीय अंतर सुमारे १५८ मिलिमीटर येते. मोबाइल भिंगाच्या बराच जवळ ठेवता येतो आणि पेटीची खोली कमी होते. हा उपयोगाचा फायदा आहे, पण तो उत्तरात पुढे करून चालणार नाही, कारण दोन भिंगांची शक्ती मिळून वाढते हे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. तंत्र जाणणाऱ्याला जे सहज सुचले असते, त्यात कायद्याला अपेक्षित असलेली शोधाची पायरी नसते.

मग जू कोठे शोधायचे? ते बहुधा दुसऱ्या भिंगाने निर्माण केलेल्या अडचणीत सापडते. दोन मच्छरदाण्यांची कापडे एकमेकांवर धरली की हलत्या लाटा दिसतात, तशाच लाटा दोन खाचदार पत्र्यांमधूनही दिसतात. पत्रे एकमेकांना चिकटून आहेत, एकाच्या खाचांमधील अंतर ०.५० मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याच्या खाचांमधील ०.४५, असे धरल्यास ढोबळ हिशोबाने ४.५ मिलिमीटर रुंदीचे पट्टे उमटतात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या अक्षरांवर जाड सावल्या फिरतात. दुसऱ्या पत्र्याच्या खाचा ०.३० मिलिमीटरवर घेतल्या तर तोच हिशोब ०.७५ मिलिमीटरवर येतो आणि एवढे बारीक पट्टे वाचताना फारसे जाणवत नाहीत. प्रत्यक्षात पत्र्यांमधील जागा आणि डोळ्याचे अंतर यांमुळे आकडे बदलतात, म्हणून गुरुजींनी वेगवेगळ्या जोड्या लावून पाहिल्या असतील, पट्टे नाहीसे होईपर्यंत मधली जागाही कमी-जास्त केली असेल आणि त्याचे टिपण ठेवले असेल, तर पहिल्या भिंगाच्या खाचा, दुसऱ्याच्या खाचा आणि मधले अंतर या तिन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत हे दाखवता येते. एक बदलली की दुसरी बदलावी लागते. असे दाखवता आले की ‘प्रत्येक साधन स्वतंत्रपणे काम करते’ हे वाक्य या पेटीला लागू होत नाही.

अशीच दुसरी जागा भटक्या प्रकाशाची. प्रत्येक खाचेला एक कामाचा उतार आणि एक उभी भिंत असते. त्या भिंतीवर पडलेला प्रकाश भलतीकडे जातो आणि उजळ अक्षरांभोवती धुरकट झाक येते. शिवाय ॲक्रिलिकच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे दोन पत्र्यांच्या चार पृष्ठभागांनंतर जवळपास ८५ टक्केच उरतो. खाचांची तोंडे समोरासमोर ठेवल्याने, किंवा पहिल्या पत्र्याच्या उभ्या भिंतींची सावली दुसऱ्याच्या भिंतींवर पाडल्याने यात फरक पडत असेल, तर तो मोजून ठेवावा. काळ्या कागदावरचा पांढरा ठिपका, तोच मोबाइल, तेच अंतर, एकदा एका मांडणीतून आणि एकदा दुसऱ्या मांडणीतून काढलेली छायाचित्रे, एवढे घरीसुद्धा करता येते.

दावे दुरुस्त करताना

आता अर्जाच्या दिवसाकडे परत यावे लागते. दावे म्हणजे संरक्षण नेमके कशाला हवे ते सांगणारी तपशीलपत्रातील क्रमांकित वाक्ये. कलम ५९ नुसार दुरुस्ती म्हणजे काही भाग सोडून देणे, चूक सुधारणे किंवा अर्थ स्पष्ट करणे एवढेच. आणि मूळ तपशीलपत्रात जे नव्हते ते नंतर घालता येत नाही. खाचांच्या अंतरांचे आकडे मूळ तपशीलपत्रात कोठेतरी, एखाद्या उदाहरणात का होईना, असतील, तर ते उचलून पहिल्या दाव्यात आणता येतात. नसतील, तर गुरुजींची वही कितीही भरलेली असली तरी तिच्यातून नवे वैशिष्ट्य दाव्यात घुसवता येणार नाही. वहीतील मोजमापे फक्त आधीच लिहिलेल्या गोष्टीचा पुरावा म्हणून जोडता येतात. म्हणूनच मी प्रत्येकाला सांगतो की अर्जात उदाहरणे लिहिताना हात आखडू नये.

दाव्यातील शब्दांकडेही पाहावे. ‘योग्य अंतरावर’, ‘पुरेसे पातळ’, ‘साधारण समांतर’ अशा शब्दांवर अस्पष्टतेचा आक्षेप येतोच. त्यांच्या जागी तपशीलपत्रातील आकडा किंवा प्रमाण घालावे.

उत्तराची मांडणी साधी ठेवावी. परीक्षकाचा आक्षेप त्याच्याच शब्दांत, त्याखाली आपले म्हणणे आणि त्याखाली तपशीलपत्रातील पान व ओळ, असा क्रम ठेवावा. डी१ आणि आपला दावा यांची दोन रकान्यांची तुलना करावी आणि जे डी१ मध्ये खरोखर आहे ते मोकळेपणाने मान्य करावे. ‘डी१ मध्ये दोन फ्रेनेल भिंगे आहेत, पण दोन्हींच्या खाचांची अंतरे समान आहेत आणि पट्ट्यांच्या अडचणीचा त्यात उल्लेख नाही’ हे वाक्य दोन पानांच्या भावनिक निवेदनापेक्षा जड ठरते. अर्थात डी१ पूर्ण वाचून ते खरे असल्याची खात्री झाल्यावरच ते लिहावे. गावाची गरज आणि वडीलधाऱ्यांची अडचण हे एका परिच्छेदात आले तरी पुरे.

सुनावणी

उत्तराने समाधान झाले नाही, तर नियंत्रक, म्हणजे अर्जावर निर्णय देणारे पेटंट कार्यालयातील अधिकारी, सुनावणीची तारीख देतात. ती व्हिडिओवर होऊ शकते, त्यामुळे मुंबईला जायची गरज सहसा पडत नाही. त्या दिवशी इन्व्हर्टर चार्ज असावा आणि मोबाइलचा डेटा वेगळा राखलेला असावा, कारण भारनियमन तारीख विचारून येत नाही. दोन्ही भिंगपत्रे हाताशी ठेवावीत. समान खाचांची जोडी कॅमेऱ्यासमोर धरून एक पत्रा किंचित सरकवला की पट्टे पडद्यावर दिसतात, आणि मग वेगळ्या खाचांची जोडी तशीच धरावी. मात्र दाखवलेले आणि बोललेले सर्व सुनावणीनंतर १५ दिवसांच्या आत लेखी द्यावे लागते. ते त्याच संध्याकाळी लिहायला घ्यावे, कारण नियंत्रकांनी नेमका कोणता शब्द वापरून शंका विचारली हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. त्यानंतर अर्ज मंजूर झाला तर पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते, पण तिसऱ्या वर्षापासूनचे नूतनीकरण शुल्क भरत राहावे लागते. आणि नामंजूर झाला तर उच्च न्यायालयात अपील करण्यासाठी तीन महिने मिळतात.